जलपर्णी काढू नका म्हणे!

उन्हाळा लागला की पवना-इंद्रायणीकाठच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'जलपर्णी काढू नका. ती पाणी शुद्ध करते, ऊन अडवून बाष्पीभवन थांबवते, कार्बन शोषते. तापत्या जगात ती वरदान आहे. आणि काढली तरी परत येतेच!'

शुद्धीकरणाचं अर्धं खरं आहे. तिची मुळं नायट्रोजन, फॉस्फरस, जड धातूसुद्धा ओढून घेतात. पण घेतलेलं ठेवतात कुठे? तिच्यातच. जागेवर कुजली की सगळं परत पाण्यात, वर कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपतो. तिच्याकडून पाणी साफ करून घ्यायचं तर ती वेळच्या वेळी उपसून बाहेर न्यायला हवी, म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट. पूर्व कोलकात्याच्या तलावांत मासेमार ती मुद्दाम राखतात, पण बांधाच्या कडेला, लाटांनी माती ढासळू नये म्हणून. तळंभर मोकाट सोडत नाहीत.

बाष्पीभवन? सावली पडते हे खरं, पण तिची रुंद पानं स्वतःच पाणी हवेत सोडतात. बहुतेक मोजमापांत हा तोटा उघड्या पाण्यापेक्षा जास्तच भरला आहे.

कार्बनचं तर बोलूच नका. वजनाचे नव्वदेक टक्के पाणी. उरलेलं कुजतं, आणि तळाशी प्राणवायू नसला की त्यातून मिथेन निघतो.

तापत्या जगात वरदान, पण कोणाला? 25 ते 30 अंश तापमान तिला सर्वांत मानवतं. पोषक पाणी असलं तर पंधरवड्यात दुप्पट होते. आपल्याकडे तिला थोडीफार आवरते ती थंडीच. हिवाळे उबदार झाले तर तोही लगाम सुटेल. मॅन्सोनिया डासांच्या अळ्या तिच्या मुळांना चिकटून श्वास घेतात, हे मेसेजमध्ये नसतं.

परत येते, हे मात्र कबूल. बी चिखलात वीसेक वर्षं जिवंत राहतं. बंगालने 1936 साली तिच्याविरुद्ध कायदा केला, तरी ती आहेच. पण म्हणून सोडून द्यायची? आपण चुकतो ते वेळेत. मे महिन्यात नदी गच्च भरल्यावर जेसीबी उतरतो. डिसेंबरात, पुंजके सुटे असताना, फुलण्याआधी काढली तर काम कितीतरी हलकं. 1980च्या दशकात बंगळूरच्या तलावांत सोडलेले दक्षिण अमेरिकेतले भुंगेही मदत करतात, पण सावकाश. नाल्यांतून मैलापाणी येत राहिलं तर ते तरी किती खाणार? आणि मेपर्यंत राहिलेली पहिल्या पुरात भीमेतून थेट उजनीत उतरते.