‘सगळ्यांना सारखंच यंत्र द्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं एक वाक्य टोचलं. म्हणून उत्तर लांबलंय.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत गटाने शिकताना एकाच्या डोक्यावर हेडसेट (डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारं यंत्र) आणि बाकीच्यांपुढे लॅपटॉप असला तरी काही बिघडत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या मते हे नाइलाजाला दिलेलं गोंडस नाव आहे. हेडसेटवाला शिकतो, बाकीचे त्याची मजा बघत बसतात. तेव्हा सगळ्यांना सारखं यंत्र द्या, नाहीतर हा खेळ मांडूच नका.

तुमच्या बाजूचा पुरावा आधी मीच देतो, कारण तो मूळ लेखात यायला हवा होता. संशोधक मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांचे तिघातिघांचे दहा गट, आभासी खोलीच्या भिंतींवर लावलेली कोडी, एकाला हेडसेट आणि दोघे साध्या पडद्यापुढे. आभासी खोलीत पुढारपण बहुधा हेडसेटवाल्याकडे गेलं. तीच माणसं खऱ्या खोलीत भेटली तेव्हा ते टिकलं नाही. म्हणजे पुढारपण माणसाचं नव्हतं, यंत्राचं होतं. ‘काही बिघडत नाही’ हे माझं वाक्य इथेच पडलं.

पण बिघडतं ते नेमकं कुठे?

आमच्या एका सत्रात चौघं होते, मध्ये खोलीएवढं मोठं हृदय. हेडसेटवाली म्हणाली, “ही बघा झडप, इथे!” लॅपटॉपच्या चौकटीत एकाला तिचा हात दिसत होता, झडप नाही. दुसऱ्याला झडप दिसत होती, हात नाही. “इथे म्हणजे कुठे?” “अरे, डावीकडे!” ती हृदयाच्या मागे जाऊन उभी होती, त्यामुळे तिची डावी बाजू हीच हृदयाचीही डावी. समोरून बघणाऱ्या तिघांना तीच बाजू उजवीकडे. त्यात, हात सोडला तर, तिचा अवतार (आभासी जगातलं तिचं रूप) त्या अगडबंब हृदयाआड दडलेला, त्यामुळे ती मागे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. चांगला मिनिटभर वाद चालला आणि दोन्ही पक्ष बरोबर होते.

लॅपटॉप कमी प्रतीचा म्हणून हा घोळ झाला नाही. समोरच्याला काय दिसतंय, हे कोणालाच दिसत नव्हतं म्हणून झाला. पुढच्या वेळी तिच्या बोटातून एक रंगीत रेघ सोडली, रोखलेला भाग सगळ्यांच्या पडद्यावर उजळेल असं केलं आणि डावं-उजवं फक्त हृदयाचं, असा नियम घातला. तंटा मिटला.

पुढारपणाचा प्रश्न मात्र उरला होताच. त्यासाठी कामच बदललं. भागांची नावं हेडसेटमधून काढून टाकली, ती फक्त लॅपटॉपवर ठेवली. तिने रक्ताच्या वाटेने जायचं, दिसेल ते सांगायचं. ती कुठे आहे हे बाकीच्यांनी ओळखायचं. “तीन पाकळ्यांची झडप आहे.” “मग तू उजव्या कर्णिकेत आहेस!” “थांब, तीन पाकळ्या महाधमनीच्या झडपेलाही असतात. पाकळ्यांना खालून दोरे बांधलेत का, बघ.” तिने झडपेतून डोकं खाली घातलं. दोरे होते. कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) आणि जवनिका (खालचे कप्पे) यांच्यामधल्या झडपांनाच ते असतात, ही गोष्ट त्या चौघांना आता वेगळी पाठ करावी लागणार नाही. कल्पना माझी नव्हे. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत असंच केलं होतं, यंत्राविना: धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नाही.

आता तुमच्या ‘सारख्या यंत्रां’बद्दल. आम्ही चौघांनाही हेडसेट देऊन पाहिलंय. रेघेची गरज कमी पडली, बोलणं सहज झालं, हे कबूल. पण टिपण कोणाला घेता येईना, आणि दोघांचा बराच वेळ उड्या मारत फिरण्यातच गेला. शिवाय 2019 साली मक्रान्स्की, टेरकिल्डसेन आणि मेयर या संशोधकांनी 52 विद्यार्थ्यांना एकच आभासी प्रयोगशाळा काहींना हेडसेटवर, काहींना संगणकावर दिली. ‘आपण तिथेच आहोत’ ही भावना हेडसेटवाल्यांना जास्त झाली, शिकणं मात्र कमी झालं. (तो अभ्यास एकट्याने शिकण्याचा होता, त्यामुळे मी तो फार ताणणार नाही.)

तुमचं म्हणणं जिथे बिनतोड आहे, ते सांगतो: काम हाताचं असेल, दोघांनी मिळून काही उचलायचं-फिरवायचं असेल, तर यंत्रं सारखीच हवीत. 2001 मध्ये श्रोडर आणि सहकाऱ्यांनी दोघादोघांना रंगीत ठोकळे जुळवायला दिले. दोघंही भिंतभर पडद्यांच्या आभासी खोल्यांत असताना काम प्रत्यक्ष समोरासमोर असल्याइतक्याच वेगाने, जवळपास, झालं. एकाला साधा संगणक दिला की वेळ खूपच वाढला. अशा कामाला माझी वाटणीची युक्ती लागू पडत नाही.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललंय. जुनं खोडून ठेवलंय, पुसलेलं नाही. ‘मजा बघत बसतात’ हे मात्र मी तसंच मान्य करणार नाही. त्या दोऱ्यांचा प्रश्न लॅपटॉपवाल्याने विचारला होता.