‘दोन तासांत जुनी गाडी चालू’ म्हणे! आणि थांबवणार कशी?

‘वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी दोन तासांत चालू करा, मेकॅनिकला एक पैसाही न देता’ या मथळ्याचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. ग्रुपवर आला तेव्हा वाचला आणि सोडून दिला. रोज असलं काहीतरी येतच असतं. पण परवा तो भाच्याने पाठवला, खाली ‘मामा, रविवारी करायचं का?’ असं विचारून. त्याच्या चुलत आजोबांची गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे, आणि या पठ्ठ्याने आजवर साधा स्पार्क प्लगही काढलेला नाही. ‘नवशिक्यांसाठी खास’ असं मेसेजवर लिहिलंय ते अशांसाठीच. आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचलेला नाही (सुखी आहात), त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात असा. नवी बारा व्होल्टची बॅटरी लावा. इंजिन जाम असेल तर प्लगच्या भोकांतून डिझेल ओता आणि सेल्फ मारत राहा, सुटतं. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क) घासा. टाकीतल्या जुन्या पेट्रोलात तेवढंच नवं मिसळा. तरी चालू झाली नाही तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतत राहा. ब्रेक ऑइल कमी असेल तर इंजिन ऑइल घाला, ‘प्रेशर तेवढंच येतं’. ब्रेक ड्रममधली धूळ हवा मारून उडवा. चालू झाली की बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासा. टायरची नक्षी शाबूत असेल तर टायर चांगला. आणि मग एक चक्कर मारून आणा, ‘ब्रेक चालता चालता मोकळे होतात’.

सुरुवात ब्रेकपासूनच करतो, कारण बाकीच्या बहुतेक सल्ल्यांनी फार तर गाडीचं वाटोळं होईल. हा सल्ला माणसाच्या जिवावर उठणारा आहे.

इंजिन ऑइल घातलं तर प्रेशर येतं का? येतं. सगळा घोळ तिथेच आहे. पहिल्या दिवशी पेडल छान कडक लागतं, माणूस खूश होतो आणि मेसेज पुढे पाठवतो. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये आणि चाकांजवळच्या व्हील सिलिंडरमध्ये रबरी कप असतात. ते ज्या रबराचे असतात त्याला ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक फ्लुइड, म्हणजे डॉट 3 किंवा डॉट 4, चालतं. खनिज तेल लागलं की तेच रबर फुगतं आणि मऊ पडतं. खोटं वाटत असेल तर एक जुना कप इंजिन ऑइलमध्ये आणि तसाच दुसरा ब्रेक फ्लुइडमध्ये टाकून काही दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवा. तेलातला कप बोटाने दाबला तर लिबलिबीत लागतो आणि ज्या सिलिंडरमधून काढला त्यात परत बसत नाही.

गाडीत तो बसलेलाच असतो, तेव्हा काय होतं? मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय उचलला की दाबलेलं फ्लुइड त्यातून परत फ्लुइडच्या टाकीत जातं. फुगलेला कप ते भोक झाकतो. मग पाय उचलला तरी प्रेशर उतरत नाही, लायनर ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतात, आणि गाडी स्वतःच ब्रेक लावून उभी राहते. हे त्यातल्या त्यात बरं. नशीब खराब असेल तर मऊ पडलेला कप ऐन गरजेच्या वेळी फाटतो आणि पेडल फळीला टेकतं. एकदा तेल आत गेलं की नुसतं काढून टाकून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून होस पाइपपर्यंत फ्लुइडला लागणारं सगळं रबर बदलावं लागतं.

हे फक्त माझं मत म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेचं मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक 116 खास ब्रेक फ्लुइडसाठी आहे. डब्यावर कोणता इशारा छापायचा हेही त्यात ठरवून दिलंय: धूळ, पाणी किंवा पेट्रोलियम पदार्थ मिसळले तर ब्रेक निकामी होऊ शकतात किंवा महागडी दुरुस्ती करावी लागू शकते. म्हणजे जो डबा विकत घ्यायचा कंटाळा म्हणून हा जुगाड सुचवलाय, त्याच डब्यावर त्याचं उत्तर छापलेलं असतं.

याच मानकात आणखी एक आकडा आहे, आणि उभ्या गाडीच्या बाबतीत तो फार कामाचा आहे. डॉट 3 फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस लागतो, ओलसर झाल्यावर 140 चालतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. हे फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं. वर्षानुवर्षं सिलिंडरमध्ये पडून राहिलेल्या फ्लुइडची काय अवस्था असेल ते यावरून ओळखा. उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं आणि त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय सरळ खाली जातो. त्याच ओलाव्याने सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डेही पडलेले असतात. तेव्हा ‘कमी असेल तर घाला’ हा प्रश्नच उरत नाही. सगळं जुनं काढायचं, सिलिंडर उघडायचे, रबरं आणि होस पाइप नवे टाकायचे, मग नवं फ्लुइड भरून हवा काढायची. आणि कमी झालं असेल तर ते गेलं कुठे, हे आधी शोधायचं.

एक अपवाद आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. सिट्रोएनच्या हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि वायूच्या दाबावर तोललेल्या) गाड्यांमध्ये 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रेकलाही हिरवं एलएचएम वापरतात, आणि ते खनिज तेलच आहे. पण त्यांची रबरं त्याच तेलासाठी बनवलेली असतात. तिथेही इंजिन ऑइल घालत नाहीत, आणि डॉट 4 घातलं तर उलट तीच रबरं खराब होतात. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात सिट्रोएन होती असं मला तरी वाटत नाही.

आता ‘ब्रेक चालता चालता मोकळे होतात’. गंजामुळे ड्रमला चिकटलेले लायनर गाडी हलवली की कधी कधी ‘खट्’ आवाज करून सुटतात, हे खरं. पण सुटणं वेगळं आणि लागणं वेगळं. व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला असेल तर ते चाक ब्रेक घेतच नाही, आणि बाकीची घेतात म्हणून गाडी एका बाजूला ओढते. जुना होस पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून सुजून बंद झालेला असतो: जोराने दाबलं तर फ्लुइड पुढे जातं, परत मात्र येत नाही. त्यातून जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा एकच ब्रेक सर्किट. अमेरिकेत दुहेरी सर्किट 1968 पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. उरतो तो हँडब्रेक, आणि त्याची केबल इतक्या वर्षांत सरकते का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

भाच्याला म्हटलं, रविवारी बॉनेट उघडायचंच नाही. एक मागचं चाक काढ, ड्रम काढ. (गाडी लोखंडी स्टँडवर ठेवून. नुसत्या जॅकवर नाही आणि विटांवर तर नाहीच, वीट भाराने फुटते.) मग व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट नखाने जरासं उचलून बघ. आत कोरडं हवं. ओल दिसली किंवा तपकिरी राड बोटाला लागली, तर सिलिंडर गळतोय. ड्रम काढतानाच त्याचे दोन तास जातील, कारण आतल्या कडेला गंजाची धार झालेली असते आणि लायनर तिथे अडकतात. आधी ॲडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) सैल करावा लागतो, आणि तोही जाम असतो.

तो ड्रम निघाला की आत काळसर धूळ असते. मेसेज म्हणतो हवा मारा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की कॅन्सरचा धोका असतो. हवा मारून, फुंकर मारून किंवा कोरड्या ब्रशने ती उडवू नका. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि चांगला मास्क लावा. लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलही, पण डोळ्यांना ते कळत नाही.

दुसरा भयंकर सल्ला कार्बोरेटरचा. जुने मेकॅनिक चमचाभर पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात टाकून सेल्फ मारायचे हे खरं आहे. इंजिन क्षणभर पेटलं तर ठिणगी आहे, पेट्रोल पोचत नाही, एवढं त्यातून कळायचं. पण ते एकदाच टाकायचे, बाटली झाकून लांब ठेवायचे, फिल्टर परत बसवायचे, आणि मगच सेल्फ. मेसेजमध्ये एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने वाकून ओतत राहायचं! इनटेक व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल किंवा प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या असतील, तर ज्वाळा कार्बोरेटरमधून वर येते. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते. वर वाकलेल्या माणसाचा चेहरा आणि हातातली उघडी बाटली कुठे असेल, याचा विचार करा. त्यापेक्षा टाकीकडून येणारी नळी पंपापाशी काढा, स्वच्छ कॅनमधून नवी नळी जोडा, कॅन सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. त्याने जुन्या पेट्रोलचा प्रश्नही सुटतो. जुनं पेट्रोल ‘मिसळून’ चांगलं होत नाही. त्यातला डिंकासारखा चिकट साका आणि टाकीतला गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकांत, जाऊन बसतात, एवढंच होतं.

जाम इंजिनाचं बघू. भोकातून थोडं तेल सोडून दोन-चार दिवस मुरू देणं बरोबर. ओतून भरणं चूक, कारण द्रव दाबला जात नाही. प्लग लावून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि जाम इंजिनाला सेल्फने झटके देणं म्हणजे गंजलेल्या रिंगा मोडायचं निमंत्रण. सगळे प्लग काढा, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा आणि हाताने हळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, थोडं मागे घ्या, पुन्हा पुढे. फिरायला लागलं की नवं इंजिन ऑइल भरा आणि प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइल प्रेशर आलेलं बघा. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल (मोठ्या प्रमाणावर बनवलेल्या गाडीत तो पहिल्यांदा 1962 च्या ग्लास 1004 मध्ये आला) तर हे सगळं करण्याआधी बेल्ट नवा टाका.

बॅटरी: मेसेजवाल्याला सहा व्होल्टच्या गाड्या असायच्या हे माहीतच नसावं. 1950 च्या दशकातल्या कितीतरी गाड्या सहा व्होल्टच्या आहेत, आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आधी जुन्या बॅटरीवरचा आकडा आणि वायरी बघा, मग नवी आणा.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची युक्ती डायनमोच्या काळातली आहे आणि तेव्हाही ती काही फार शहाणपणाची नव्हती. गाडीला अल्टरनेटर (डायनमोच्या जागी आलेलं चार्जिंगचं यंत्र) असेल तर भार अचानक सुटल्यामुळे व्होल्टेज क्षणभर शंभरच्या घरात जाऊ शकतं आणि त्यातले डायोड उडतात. साधा मल्टिमीटर लावा. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना साधारण 12.6 आणि चालू असताना 14 च्या आसपास दिसलं की चार्जिंग ठीक.

पॉइंट घासा, हे मात्र बरोबर. पडून राहिल्यावर त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि ठिणगीच येत नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावा. बहुतेक गाड्यांना 0.4 मिलिमीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये धड सांगितलेलं हे एकच काम.

राहिले टायर. नक्षीवरून काही कळत नाही, रबर वयाने कडक होतं आणि आतून तडकतं. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे. त्याच्यावर गाडी ढकलत गॅरेजच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायला हरकत नाही, त्यापुढे नाही.