हाताखाली पोरगं ठेवताय? मग एवढं कराच

दिवाळी तोंडावर आली की रंगकामाच्या प्रत्येक ठेकेदाराला हाताखाली एक पोरगं लागतंच. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक आलं. दोन वर्षं एका बड्या ठेकेदाराकडे होतं म्हणे. म्हटलं, चला, तयार कारागीर मिळाला. तर हे पुट्टीवर थेट रोलर घेऊन निघालं. पुट्टीही अजून ओलीच! रंगाआधी मारायचा प्रायमर कुठाय विचारलं तर म्हणतं, "शेठ, ते साहेब बघायला येणार असले तरच मारतात." धन्य ते गुरू! अशी विद्या सगळ्यांनाच मिळावी, म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे, पुट्टी कालवताना आणि शेड मिसळताना पोराकडे पाठ करून बसायचं. त्याला पाणी किती, पावडर किती हे कळलं, तर उद्या तो तुमचाच धंदा बसवायचा.

पैसे मागितले की म्हणायचं, "अजून शिकतोयस." रविवारी काम निघालं की म्हणायचं, "आता शिकलास की!"

ब्रश धुवायला त्याला, कटिंग मारायला, म्हणजे ब्रशने कडा-कोपरे रेखायला, तुम्ही. कायम.

घासकामाचं मात्र नीट समजून घ्या. पोराच्या हातात पॉलिश पेपर द्यायचा, "घास" म्हणायचं आणि चहाला निघून जायचं. कुठल्या नंबरचा पेपर कधी, हे सांगायचं नाही. दिवा भिंतीला टेकवून तिरका धरला की पुट्टीच्या लाटा कशा उठून दिसतात, हे तर मुळीच दाखवायचं नाही. तोंडाला मास्क? छे, रुमाल आहे ना त्याच्याकडे! आणि जुना वाडा असला तर सोन्याहून पिवळं. दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात, ते कोरडेच घासायला लावायचे. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं चालणार नाही, हा नियम लागू झाला नोव्हेंबर 2017 मध्ये. खिडकीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ते शिसं धुळीतून पोराच्या छातीत जातं, कपड्यांवर बसतं, आणि त्याच कपड्यांनी पोरगं घरी जाऊन धाकट्या बहिणीला कडेवर घेतं. पाणी मारून ओलं घासायला काय जातं हो तुमचं? अर्धा दिवस जास्त! तेवढ्यासाठी? पण असो, मी सल्ला देत होतो.

आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' नावाचा दोन वर्षांचा कोर्स असतो, शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 चा कायदा आहे, असलं काही पोराच्या कानावर पडू देऊ नका. सरकारी नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला मागितला तर पेन सापडत नाही म्हणा. एकदा का बांधकाम कामगार म्हणून कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी झाली, की तो तुमच्याकडे राबत होता हे कागदावर आलं. कशाला ती कटकट?

बाहेरच्या भिंतीला पोरगंच चढवायचं. वजनाला हलकं असतं, दोरांवर टांगलेल्या झुल्याला बरं. सेफ्टीचा पट्टा दुकानात छान दिसतो, तिथेच राहू द्या.

आणि एवढं सगळं करून हीच मंडळी टपरीवर बसून गळा काढतात, "आता पूर्वीसारखे कारागीर राहिले नाहीत हो!" कुठून राहतील? तुम्ही घडवलात का एक तरी? दोन वर्षं पोरगं तुमच्यासमोर होतं आणि त्याला प्रायमर कशासाठी मारतात हे सांगायला तुमची जीभ झिजली? आता तीच भिंत मी खरवडतोय. पुट्टीच्या पिशव्या माझ्या खिशातून, मजुरी माझ्या खिशातून, आणि घरमालकाची बोलणीही मलाच. पोराचा काय दोष? ते बिचारं हुशार आहे, दिवा तिरका धरायला एका दुपारी शिकलं.

शिकवायचं नसेल तर त्याला मजूर म्हणा आणि मजुराची पूर्ण मजुरी द्या. शिकवतोय म्हणून निम्म्या पैशात राबवून घ्यायचं आणि शिकवायचं काहीच नाही, ही सरळ सरळ चोरी आहे. आणि पट्ट्याशिवाय झुल्यावर दुसऱ्याचं पोरगं चढवायचंच असेल, तर आधी स्वतःचं चढवा.