'ताकदीचा कोर्स': काउंटरच्या या बाजूने

पावसाळा सरत आला की बेळगावात तापाचे पेशंट कमी होतात आणि तापातून उठलेले वाढतात. भिंतीला धरून दुकानाची पायरी चढतात, मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "मामा, ह्यातलं सगळं द्या की." मेसेज तोच असतो. सकाळी मराठीत येतो, दुपारी कन्नडमध्ये. या एका बाबतीत तरी आमच्याकडे सीमावाद नाही.

मजकूर थोडक्यात असा: व्हायरल तापात अंगातली सगळी जीवनसत्त्वं जळून जातात, जेवणाने ती भरत नाहीत. म्हणून 21 दिवस रोज व्हिटॅमिन सी, झिंक 50 आणि डी3 60,000 घ्या. सोबत प्रोटीन पावडर, दोन सलाइन आणि पूर्ण झोपून आराम. फरक पडला नाही तर कोर्स परत करा.

या गोळ्या विकूनच माझं घर चालतं, त्यामुळे खाली लिहितोय त्यात माझाच तोटा आहे.

'सगळी जळून जातात.' नाही. बी12चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. पाच-सहा दिवसांच्या तापाने तो संपत नाही. ज्यांच्या अंगात तो आधीच कमी असतो त्यांची गोष्ट वेगळी: कट्टर शाकाहारी, म्हातारी माणसं, शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे. त्यांनी रक्त तपासून बी12 घ्यावं, जरूर घ्यावं. पण तो तापाचा दोष नव्हे.

'सी आणि झिंक.' पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम सी लागतं, एक बऱ्यापैकी पेरू तेवढं देऊन जातो. जास्तीचं लघवीवाटे बाहेर. कोविडच्या काळात अमेरिकेत 214 रुग्णांवर हीच जोडी तपासली होती, रोज 8 ग्रॅम सी आणि 50 मिलिग्रॅम झिंक. फायदा दिसेना म्हणून अभ्यास मधेच थांबवला. झिंकची रोजची कमाल मर्यादा 40 मिलिग्रॅम धरतात. 50ची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवली तर अंगातलं तांबं कमी होतं. आणि उपाशीपोटी घेतली की मळमळ. आधीच तोंडाला चव नसते, त्यात ही भर.

'डी3 रोज.' मेसेजातली ही ओळ वाचून मला घाम फुटतो. 60,000 ची पुडी सहसा आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच. रोज घेतली तर 21 दिवसांत 12,60,000 युनिट होतात! रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, किडनीवर ताण आणि अशक्तपणा. ज्यासाठी घेतलं तेच उलट अंगावर येतं.

सलाइनचं काय सांगू. आमच्या भागात 'पिवळं सलाइन' ही एक श्रद्धा आहे. पांढरं लावलं तर लोक रुसतात. तो पिवळा रंग त्यात मिसळलेल्या बी-जीवनसत्त्वांचा. अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी. एका भाकरीत त्याहून जास्त असतात. उलट्या होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल तर सलाइन जीव वाचवतं. चालत येऊन लावून घेणाऱ्याला त्याची गरज नसते.

प्रोटीनचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. तापात मांस झडतंच, ते भरायला प्रोटीन लागतं. साठ किलोच्या माणसाला एरवीही दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास. पण डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. कितीतरी डब्यांत साखर भरपूर, प्रोटीन बेताचं. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं असतं, कायद्यानेच. एका अंड्यात 6 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत 7, ग्लासभर दुधात 8. हुलग्याचं माडगं आपल्या आज्या उगाच करत नव्हत्या. ज्याला खरंच गिळवत नाही त्याने पावडर घ्यावी, माझी ना नाही. किडनीचा आजार असेल तर आधी विचारून.

'पूर्ण झोपून आराम.' ताप असेपर्यंत ठीक. 2007 सालच्या एका अभ्यासात साठीपुढच्या धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं मांस सरासरी जवळपास किलोभर घटलं. घरात फिरा, मग गल्लीच्या टोकापर्यंत, दोन दिवसांनी पुढच्या खांबापर्यंत. दमल्यावर दुसरा दिवस आडवा जात असेल तर दोन खांब मागे या. चिकुनगुन्याचे सांधे आठवडे, कधी महिनेही धरतात. त्यावर कुठलीच ताकदीची गोळी चालत नाही. बहुतेकांचा थकवा दोन-चार आठवड्यांत आपसूक ओसरतो आणि श्रेय 21 दिवसांच्या कोर्सला जातं.

राहिली शेवटची ओळ, 'कोर्स परत करा'. खानापूरकडचे एक काका टॉनिकची तिसरी बाटली न्यायला आले होते. पायात जीव नाही म्हणाले. बोलता बोलता दोनदा पाणी मागितलं. पॅन्ट कमरेला दोरीने बांधलेली. मी बाटली दिली नाही, शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं. शुगर 340. महिनाभर ते रोज दोन वेळा जे घेत होते, ते साखरेच्या पाकातलं टॉनिक होतं. पहिल्या दोन बाटल्या आमच्याच काउंटरवरून गेल्या होत्या.