एआयचे दहा हजार कोटी आणि उद्यमबागची फौंड्री

बेळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'केंद्राने एआयवर १० हजार कोटी उधळले. पैसा बड्या कंपन्यांना, चिप परदेशी. चॅटबॉट फुकट मिळताना हे कशाला? बेळगावला काय मिळालं?' मी उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत, धातू ओतून भाग बनवणाऱ्या फौंड्रीत काम करतो, म्हणून उत्तर देतो.

उधळले म्हणणं चूक. ७ मार्च २०२४ ला मंजूर झालेल्या इंडिया एआय मिशनचे १०,३७१.९२ कोटी पाच वर्षांसाठी आहेत, आणि त्यात डेटा, प्रशिक्षण, स्टार्टअपचं भांडवलही येतं.

बड्या कंपन्यांचं म्हणाल, तर एआय चालवणारी, भाड्याने मिळणारी मशीन त्यांचीच आहेत. पण सवलत वापरणाऱ्याच्या बिलात मिळते, ४० टक्क्यांपर्यंत. ३८ हजारांवर जीपीयू (एआय शिकवायला लागणाऱ्या चिप), सरासरी भाडं तासाला ६५ रुपये. विद्यार्थी आणि लघुउद्योगही घेऊ शकतात. आमच्याकडे कास्टिंगचं (ओतलेल्या भागाचं) फेटलिंग, म्हणजे साफसफाई, झालं की कामगार पंपाची बॉडी बॅटरीच्या उजेडात फिरवून ब्लो होल, म्हणजे हवा अडकून राहिलेली भोकं, शोधतो. दुपारनंतर डोळे थकतात. एखादं होल सुटलं की ते मशीनिंगला टूल लागल्यावर उघडं पडतं, आणि कास्टिंगबरोबर मशीनिंगची मजुरीही पाण्यात. हे होल कॅमेऱ्याला ओळखायला शिकवायचं, तर समजा चार जीपीयू वीस तास लागले: ५,२०० रुपये. तसलं एक जीपीयू कार्ड विकत घ्यायचं तर लाखो.

चिप परदेशी, हे मान्य. त्यासाठीच डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची सेमीकंडक्टर योजना आली. चिपचा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. तोवर हात बांधून बसायचं काय?

फुकटच्या चॅटबॉटचं मला खरंच वाईट वाटतं. आईने फोनवर 'काय करालास रे?' (काय करतोयस) म्हटलं, तर त्याने भलतंच लिहिलं. कन्नड मिसळलेली आपली मराठी बाहेरची कंपनी कशाला शिकवेल? २०२२ पासूनच्या भाषिणीत, म्हणजे सरकारच्या भाषांतर सेवेत, मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. घरात मराठी आणि पहाणी (जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये असलेल्या माणसाला ही जोडी लागतेच.

बेळगावला काय मिळालं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. आमच्या शेडमध्ये हे सांगायला कुणी आलं नाही. पण उद्यमबागेतून खानापूर रोडने थोडं पुढे माच्छेत व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आहे. पोरं दरवर्षी प्रोजेक्ट शोधतात, आणि इकडे रिजेक्ट कास्टिंगचा ढीग पडलेला असतो. त्या ढिगाचे फोटो काढायला मी सोमवारपासून सुरुवात केली आहे.