‘तीन-चतुर्थांश जनुकं बिनकामाची’ म्हणे!

फोंडा-डिचोलीकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. म्हणणं असं: शास्त्रज्ञांनी फिशन यीस्ट या एकपेशीय बुरशीचं एकेक जनुक काढून पाहिलं, तीन-चतुर्थांश जनुकांवाचून त्याचं काही अडलं नाही, म्हणजे ती बिनकामाची. दोन जनुकं बिघडली तर नुकसान दुप्पट, एवढाच हिशोब. तेव्हा मुलाची ‘वाढीची’ पाच जनुकं तपासून घ्या, उंची आजच कळेल.

संदेशातला फोटो पोदेराच्या पावातल्या यीस्टचा आहे, अंगाला कोंब फुटून वाढणाऱ्या. फिशन यीस्टची पेशी कांडीसारखी लांब होते आणि मधोमध दुभंगते. पण ते सोडून देऊ.

तीन-चतुर्थांशाचा आकडा खरा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कामात जवळजवळ प्रत्येक जनुक काढून पाहिलं गेलं आणि सुमारे २६ टक्केच जगण्यासाठी अनिवार्य निघाली. फक्त ही परीक्षा झाली ती भरपूर साखर आणि सोयीचं तापमान देऊन. स्टाय१ नावाचं जनुक काढलेली पेशी तिथे मजेत वाढते. त्याच बशीत क्षार वाढवा, वाढ खुंटते. मग ते जनुक बिनकामाचं कसं?

खरी गफलत ‘दुप्पट’मध्ये आहे. एका जनुकाच्या अभावी वाढ ८० टक्के राहते, दुसऱ्याच्या अभावी ५०, तर दोन्ही नसताना ४० अपेक्षित (८० टक्क्यांचे ५० टक्के). प्रत्यक्षातली वाढ त्याहून बरीच कमी किंवा जास्त निघाली, तर त्या दोघांत काहीतरी देणंघेणं आहे असं समजतात. फिशन यीस्टचीच जनुकं घ्या: वी१ हा पेशीविभाजनाचा ब्रेक, सीडीसी२५ हा अ‍ॅक्सिलरेटर. अ‍ॅक्सिलरेटर गेला की पेशी नुसती लांबत जाते, दुभंगत नाही, मरते. ब्रेक गेला तर घाईने, निम्म्या लांबीतच दुभंगते, पण जगते. आणि दोन्ही गेले तर? जगते! इथे दुसरा बिघाड पहिल्याला तारतो. याउलट मिक१ हे जनुक म्हणजे हँडब्रेक. एकटा काढला तर फारसा फरक दिसत नाही, म्हणजे संदेशाच्या भाषेत ‘बिनकामाचा’. पण वी१ निकामी असताना तोही काढा: डीएनएची नक्कल पुरी होण्याआधीच पेशी विभाजनात शिरते आणि मरते. अनमोड घाट उतरताना हँडब्रेकची किंमत कळावी, तसंच हे.

सुमारे ५,००० जनुकं म्हणजे जवळपास सव्वा कोटी जोड्या. एकेक काढून केलेल्या यादीत त्यांतली एकही दिसत नाही.

राहिली उंची. यीस्टच्या बशीतून थेट मुलाच्या उंचीवर उडी मारायला मधे काहीच आधार नाही. माणसांवरचाच पुरावा हवा तर २०२२ सालचा अभ्यास घ्या: सुमारे ५४ लाख लोक, आणि उंचीशी संबंधित १२,१११ जनुकीय फरक. एवढे सगळे मोजूनही युरोपीय वंशाच्या लोकांतल्या उंचीच्या तफावतीचा सुमारे ४० टक्केच उलगडा होतो, इतरांत त्याहून बराच कमी. पाच जनुकांच्या अहवालासाठी पैसे मागणाऱ्याला बाकीच्यांचं काय केलं, ते जरूर विचारा.