क्लार्क केंटची हजेरी कोण लावतं?

सुपरमॅनचा नवीन पिक्चर येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी मला एक त्रास सुरू होतो, डोक्यात आयडिया यायला लागतात. आल्या तर आल्या, पण त्या कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही आणि आमच्या घरात आता ऐकून घेणारं माणूसच उरलेलं नाही. मी 'रीबूट', म्हणजे तीच गोष्ट नव्याने पहिल्यापासून, असं म्हटलं रे म्हटलं की बायकोला गॅसवरचं दूध आठवतं, आईला लगेच झोप लागते. शेवटी सापडतो तो भाचा, कारण त्याला माझं वायफाय लागतं.

त्याचा सुपरमॅन म्हणजे २०१३ वाला हेन्री कॅव्हिल. माझा १९७८ चा, रिचर्ड डॉनरच्या पिक्चरमधला क्रिस्टोफर रीव्ह. इथूनच भांडण सुरू.

माझी पहिली अट सोपी आहे, क्रिप्टॉन, म्हणजे सुपरमॅनचा जन्मग्रह, फुटताना दाखवायचा नाही. १९७८ ला फुटला, २०१३ ला परत फुटला, किती वेळा बघायचं एकाच ग्रहाचं वाटोळं? १९७८ ला निदान मार्लन ब्रँडो बाप म्हणून उभा होता. काम थोडकंच, पण पैसे लाखो डॉलर आणि वर नाव हिरोच्याही आधी. २०२५ मध्ये जेम्स गनने सुरुवातीला पडद्यावर जरासा मजकूर टाकून मागचं सगळं उरकलं आणि थेट मारामारीत नेलं, त्या माणसाचं भलं होवो.

दुसरी अट, पृथ्वी उलटी फिरवायची नाही. पहिल्या भागात त्याची लाडकी लोइस मेली म्हणून हा गडी पृथ्वीभोवती गरगर फिरला आणि वेळच मागे नेली, म्हणजे मग टेन्शन कसलं, पुढच्या प्रत्येक पिक्चरमध्ये काही बिनसलं की मार दोन चकरा आणि ये जेवायला. हा शेवट खरं तर दुसऱ्या भागासाठी ठरला होता, तो पहिल्यालाच वापरून टाकला. मग निर्मात्यांचं आणि डॉनरचं फाटलं, दुसरा भाग बराचसा शूट झालेला असताना त्याला काढलं आणि रिचर्ड लेस्टरला बसवलं. त्यात सुपरमॅन छातीवरचा एस उपटून फेकतो आणि तो प्लास्टिकच्या कागदासारखा मोठा होऊन समोरच्याला गुंडाळतो! ही पॉवर कुठून आली, पुढे कुठे गेली? चौथ्या भागात तर चीनची पडलेली भिंत नुसत्या नजरेने परत बांधतो. मग २०१३ ला झॉड नावाच्या व्हिलनशी मारामारी करताना निम्मं मेट्रोपोलिस, स्वतःचंच शहर, पाडलंस तेव्हा डोळे आले होते का रे?

"मामा, तू कार्टूनमधल्या माणसाचा हिशोब घेतोयस," इति भाचा. मोबाईलवरची नजर न उचलता.

व्हिलनला मात्र मी हात लावणार नाही. जीन हॅकमनचा लेक्स लूथर हा मुळात जमिनीचा माणूस. कॅलिफोर्नियातलं वाळवंट गुपचूप खरेदी करून ठेवायचं, सॅन अँड्रियास नावाच्या भूकंपाच्या भेगेवर अणुबॉम्बवालं मिसाईल टाकायचं, पुढचा सगळा किनारा समुद्रात गेला की आपलं वाळवंट सी-फेसिंग. भाचा खो खो हसला. त्याचे बाबा, म्हणजे आमचे दाजी प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत, ते अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "खरेदीला रेट काय पडला त्याला?"

बरं आता मेन आयडिया. माझा अख्खा पिक्चर डेली प्लॅनेटच्या ऑफिसात घडतो, म्हणजे सुपरमॅन चष्मा लावून क्लार्क केंट या नावाने लोइसबरोबर बातमीदारी करतो त्या पेपरच्या. कारण रीव्हची खरी कमाल उडण्यात नव्हतीच. लोइसच्या घरातला तो सीन आठवा. ती आत गेलेली असते, क्लार्क चष्मा काढतो, पाठ सरळ करतो, आवाज बदलतो आणि तोच माणूस डोळ्यांदेखत वीतभर उंच होतो, तिला खरं सांगायला तोंड उघडतो, मग धीर सुटतो आणि परत खांदे पाडून बावळटासारखा उभा. ग्राफिक्सचा खर्च शून्य. चौथ्या भागाच्या वेळी कॅनन कंपनीने बजेट निम्म्यावर आणलं, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला न्यूयॉर्क म्हणून उभं केलं, उडण्याचा एकच शॉट फिरवून फिरवून वापरला. अरे पैसे नव्हते तर त्याला ऑफिसात बसवायचं ना!

तर गोष्ट अशी. ऑफिसच्या दारात चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन बसतं. लोइसला, संपादक पेरी व्हाइटला, अख्ख्या शहराला चष्म्याने गंडवता येतं, मशीनला नाही. सुपरमॅन केप लावून दारातून सुसाट बाहेर पडतो आणि मागून मशीन बोलतं, "थँक यू, क्लार्क केंट". महिनाअखेरीस अ‍ॅडमिनचा माणूस शीट काढतो. पूल कोसळला, क्लार्क आउट. विमान वाचलं, क्लार्क इन. सगळं त्याच्या लक्षात येतं, पण त्याला त्या सिक्रेटशी काडीचं देणंघेणं नाही, तू कोणी का असेनास, हे हाफ डे नियमित कसे करायचे तेवढं सांग! लूथर परवडला पण हा नको. त्याच्यावर ना उष्ण नजर चालते ना थंड फुंकर.

हो, आणि नटाला मिशी असली तर असू दे. २०१७ च्या जस्टिस लीगच्या फेरशूटिंगला कॅव्हिलला मिशी होती, दुसऱ्या पिक्चरसाठी राखलेली, काढायची परवानगी मिळेना, म्हणून ती कॉम्प्युटरवर पुसली आणि वरचा ओठ कोणा भलत्याच माणसाचा वाटायला लागला. क्लार्कला खोटी मिशी लावा की, चष्म्यापेक्षा पटेल तरी.

"फाईट कधी आहे?" भाचा.

"नाहीये."

"पोस्ट-क्रेडिट? नावं संपल्यावरचा सीन?"

ते मात्र मी विचार करून ठेवलं होतं. तिसऱ्या भागात सुपरमॅन बिघडतो आणि जगाचं काय वाकडं करतो, तर पिसाचा कलता मनोरा सरळ करून ठेवतो. खाली एक गरीब फेरीवाला कलते मनोरे विकत असतो, तो चिडून सगळा माल फोडतो. शेवटी सुपरमॅन सुधारतो, मनोरा परत कलता करतो, तोवर ह्याने सरळ मनोऱ्यांचा नवीन माल भरलेला! मला त्या अख्ख्या मालिकेत त्याच्याएवढं वाईट कोणाबद्दलच वाटलेलं नाही. तर माझ्या पिक्चरच्या शेवटी हा फेरीवाला दोन्ही वेळच्या मालाचं बिल घेऊन डेली प्लॅनेटच्या रिसेप्शनला येऊन बसतो, आणि ते बिल मंजुरीसाठी त्याच अ‍ॅडमिनवाल्याच्या टेबलावर जातं.

भाच्याने पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला.

"हे भारीये मामा. फक्त त्या अ‍ॅडमिनवाल्याच्या जागी तो हातोडावाला थॉर घे."